कुलपातली हलगी

संशय घेणं हा माझा पगारी धंदा आहे. कुणी भाजी विकतं, कुणी वकिली करतं, मी संशय घेतो. बेळगावात खडेबाजारातल्या एका कापड दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही पाचसहा जण कॉम्प्युटरवरचे आणि मोबाइलवरचे खेळ बनवतो. खेळातल्या फायली कुणाच्या हाती लागू नयेत हे बघायचं काम माझ्याकडं. गावात कुणी विचारलं तर मी सॉफ्टवेअरमध्ये आहे एवढंच सांगतो, कारण पुढचं समजवायला गेलो की आमची आत्या म्हणते, "म्हंजे वॉचमनच की रं." आणि तिचं फारसं चुकत नाही.

खेळ बाहेरून एकच दिसतो, पण त्याच्या आत हजारो फायली असतात. पैलवानाचं चित्र, त्याच्या लंगोटाचा रंग, लाल मातीचा धुरळा, बघ्यांचा आरडाओरडा, प्रत्येकाची वेगळी फाइल. या सुट्या ठेवल्या तर कुणीही उचलून नेईल. म्हणून सगळ्या एका मोठ्या फाइलीत बांधायच्या आणि तिला कुलूप घालायचं. पुस्तकात तिला आर्काइव्ह म्हणतात, आम्ही ऑफिसात गाठोडं म्हणतो. खेळ चालू असताना त्याला धुरळा हवा झाला की तो माझ्या प्रोग्रामकडं मागतो. माझा प्रोग्राम मागणाऱ्याला ओळखतो का बघतो, मागितलेली फाइल गाठोड्यातलीच आहे का बघतो, तिच्यात मधल्या मधे कुणी हात घातलाय का बघतो आणि मगच देतो. कुणी आडवळणाचा पत्ता दिला, म्हणजे या खोलीतून बाहेर ये, जिना चढ आणि शेजाऱ्याचं कपाट उघड, अशा थाटाची मागणी केली, तर त्याला दारातच उभं करायचं. हे सगळं मी लिहिलेलं आहे आणि त्याचा मला गर्व होता. होता म्हणतोय ते उगाच नाही.

हा स्वभाव मी नोकरीसाठी शिकलो नाही. सीमाभागात वाढणाऱ्या माणसाला तो फुकट मिळतो. दुकानात शिरताना कन्नडात बोलायचं की मराठीत, हे पाटी आणि दुकानदाराचं तोंड बघून ठरवायचं. समोरचा आपल्यातला की त्यांच्यातला, आधी ते बघायचं, मग तोंड उघडायचं. वडिलांचं तर त्याच्याही पुढचं. त्यांनी जन्मात कुठल्या कागदाचा एकच सेट काढला नाही. सातबारा असो नाहीतर शाळेचा दाखला, झेरॉक्सवाल्याला सांगायचे, "दोन सेट काढ." एक इथल्या कचेरीसाठी, दुसरा ट्रंकेत, उद्या गाव तिकडं, महाराष्ट्रात गेलं तर तिकडच्या कचेरीसाठी. गाव कुठंच गेलं नाही, ट्रंक तेवढी भरली. आमच्या भागात अशी एक ट्रंक बहुतेक घरांत सापडेल.

तर आम्ही कुस्तीचा खेळ बनवत होतो. गावोगावच्या जत्रेतला आखाडा, लाल माती, फेटेवाले पंच, आणि कुस्ती रंगात आली की वाजणारी हलगी. आवाजाचं सगळं काम एका मुलीकडं होतं. ती निपाणीची, पंचविशीतली. आजोबा तंबाखूच्या वखारीत हमाल, वडील शाळामास्तर, ही बेळगावात इंजिनियर झालेली. बौद्ध घरातली. यातलं कुणी मला सांगितलं नव्हतं. आडनाव ऐकलं की आमच्याकडं बाकीची माहिती आपोआप गोळा होते. ती मला अण्णा म्हणायची. तिच्या शेजारी चित्रं काढणारा एक जण बसायचा, तो लोंड्याहून रेल्वेनं येणारा, लांबून का होईना माझ्या सोयऱ्यातला. आणि काचेच्या खोलीत मालक, त्यांना आम्ही सर म्हणायचो.

एका सोमवारी ती निपाणीहून हलगीचं रेकॉर्डिंग घेऊन आली. तिनं ते स्पीकरवर लावलं आणि लोंडेकराचा भाकरी मोडणारा हात थांबला. हलगी मी लहानपणापासून ऐकलेली. पण हा हात वेगळा होता. तिसऱ्या फेऱ्याला तो किंचित थांबायचा, दम घ्यावा तसा, आणि पुढचा ठोका असा यायचा की खुर्चीतला माणूस उठून उभा राहील. सर काचेच्या खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, "हे कुठून पैदा केलंस?"

"निपाणीत एक म्हातारा हाय," ती म्हणाली. सर आत गेल्यावर माझ्या टेबलाजवळ आली. "अण्णा, ह्यो आवाज कुलपातच ऱ्हायला पायजे. म्हाताऱ्याला शब्द दिलाय मी. खेळात वाजंल, भाईर कुठं न्हाय. कुठल्या गावात तर न्हायच न्हाय."

"कोण म्हातारा?" मी विचारलं.

"हाय एक," म्हणून ती गेली.

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. नाव सांगायला काय हरकत होती? एखाद्या कॅसेटवाल्याकडून उचललेलं तर नसेल? हौशी म्हाताऱ्याचा हात असा नसतो. हा जन्मभर वाजवलेला हात होता, आणि जन्मभर वाजवणारा माणूस आपला आवाज गावात वाजू नये म्हणून शब्द कशाला मागेल? उलट चार गावांत वाजावा असंच कुणालाही वाटेल. मला ते काही केल्या पटेना.

पुढं तिनं माझ्या संशयाला रोज खाद्य घातलं. कधी विचारायची, "अण्णा, गाठोड्याची किल्ली कुणाकुणाकडं असती?" कधी विचारायची, "समजा मीच सोडायचं म्हटलं तर एकटा आवाज भाईर काढता येतो काय?" दुसरं कुणी हे विचारत नसे. लोंडेकराला तर आपण काढलेली चित्रं कुठं जाऊन पडतात याचाही पत्ता नव्हता. शिवाय घरचा फोन आला की ही जिन्यात जाऊन बोलायची. हलक्या आवाजात. मी एकदा पाणी भरायच्या निमित्तानं जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो, तर एवढंच ऐकू आलं, "न्हाय ओ, कुलपात हाय, भिऊ नगासा." कोण भीत होतं आणि कशाला? मी बाटली भरून परत आलो आणि तिच्या प्रश्नांची एका कागदावर नोंद करायला लागलो. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण तो कागद मी केला होता.

त्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी सापळा लावला. 'हलगी शेवटची' नावाची एक रिकामी फाइल गाठोड्याबाहेर उघडी ठेवली आणि कोण उघडतं बघत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं उघडली. लगेच माझ्याकडं आली आणि म्हणाली, "अण्णा, हलगी उघड्यावर पडलीया वाटतं, बघा की." मी म्हटलं, "चुकून राहिली असेल." मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे, पकडली जायच्या आधी स्वतःच सांगायला आली. संशयाचं हे असं असतं. माणूस आला तरी चोर, नाही आला तरी चोर.

आणखी एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खेळ तयार होत असताना ऑफिसात प्रत्येकाला तपासायला एकेक प्रत दिली जायची. प्रत्येकाच्या प्रतीतल्या आवाजांत मी एक खूण लपवलेली होती. कानाला ती कळत नाही, फाइल कितीही दाबली पिळली तरी जात नाही, माझ्या प्रोग्रामला मात्र दिसते. एखादा आवाज बाहेर फुटलाच तर तो कुणाच्या प्रतीतून फुटला हे कळावं म्हणून. ही गोष्ट फक्त सरांना आणि मला ठाऊक होती.

मग आमच्या गावची जत्रा आली. काकतीच्या पुढं हायवे सोडून आत गेलं की आमचं गाव. थोरला भाऊ, ज्याला मी आप्पा म्हणतो, उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे, शेती बघतो आणि जत्रा कमिटीत पुढं पुढं करतो. सकाळी पालखी निघाली. आता हलगीवाले मिळत नाहीत, म्हणून पालखीपुढं टेंपोवर भोंगे बांधलेले. पालखी आमच्या दारासमोर आली, वहिनी पाणी घालायला पुढं झाली, आणि टेंपोवरच्या भोंग्यांतून हलगी सुरू झाली. तिसऱ्या फेऱ्याला हात थांबला.

मी पायऱ्यांवर होतो तिथंच उभा राहिलो. खेळ अजून बाजारात जायचा होता. ती हलगी आमच्या ऑफिसाबाहेर जगात कुठंच असायला नको होती. आणि इथं गुलाल उधळला जात होता, पोरं नाचत होती, आप्पा फेटा बांधून टेंपोवाल्याला 'वाढव, वाढव' अशी खूण करत होता. दुपारी आखाड्यात कुस्त्या लागल्या तेव्हाही तीच हलगी. मी टेंपोवाल्याला गाठलं. "ही कुठनं मिळाली?" तो म्हणाला, "जत्रंच्या ग्रुपवर आलती की. लई जनांनी घेतलीया. कडोलीला बी हीच वाजवत्यात म्हनं." त्यानं ती माझ्या मोबाइलवर टाकली. ग्रुपवर कुणी टाकली हे मी विचारलंच नाही. मला ते विचारायची गरजच वाटली नाही, कारण चोर माझ्या डोळ्यांसमोर आधीच उभा होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ऑफिस उघडलं आणि फाइल प्रोग्रामला दाखवली. खूण तिच्या प्रतीची निघाली. मला आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू? आपलं खरं ठरल्याचा आनंद फार वाईट असतो, त्यात माणूस आंधळा होतो.

गाठोडं कुणी, कधी आणि कुठल्या कॉम्प्युटरवरून सोडलं याची नोंद माझा प्रोग्राम आपणहून ठेवतो. ती नोंदवही एका बटणावर उघडते. मी ती उघडली नाही. सरळ सरांकडं गेलो. सरांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "शंभर टक्के."

सरांनी तिला आत बोलावलं आणि मलाही थांबायला सांगितलं. जत्रेत मी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्यांनी लावला. पालखी, गुलाल, हलगी. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, चोर सापडल्यावर कसा दिसतो ते बघायला. ती आधी पांढरी पडली. मग खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाली, "हे कुठलं गाव?"

"ते महत्त्वाचं नाही," सर म्हणाले. "तुझ्या प्रतीतून गेलंय. पुरावा आहे."

"सर, मी हा आवाज भाईर देईन? मी?" ती माझ्याकडं वळली. "अण्णा, तुमी सांगा की. मी किती बार तुमास्नी म्हटलं, कुलपात ऱ्हाऊ दे म्हणून."

मी सरांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो. सर म्हणाले, सगळं स्पष्ट होईपर्यंत येऊ नकोस. ती डबा आणि हेडफोन घेऊन गेली. लोंडेकरानं मला विचारलं, "काय झालं ओ?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय?" त्यानं परत विचारलं नाही.

नंतर चारपाच दिवस गेले. रात्रीचं जेवण आम्ही दोघं भाऊ एकत्रच घेतो. आप्पा भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाला, "काय रं, तुझ्या डिस्कवर त्या हलगीवाल्याचं आनि काय हाय काय? पुढल्या वर्साला पायजे. लई गाजली बघ."

"कुठल्या डिस्कवर?"

"ट्रंकंतल्या. जत्रंचं जुनं व्हिडिओ कॉपी कराय घेतलतो म्या. तितं हलगी नावाचं फोल्डर दिसलं. वाजवून बघिटलं, म्हटलं ही तर पालखीला पायजेच. टाकली ग्रुपवर. तुझ्याच डिस्कवर हुतं की, म्हटलं तुला काय इचारायचं?"

सगळं क्षणात आठवलं. दोन महिन्यांपूर्वी मला एक भीती वाटायला लागली होती. कुलूप आपण एवढं पक्कं केलंय, उद्या किल्लीच हरवली तर? सगळं गाठोडं जन्माचं बंद. मग मी काय केलं? बापाचा मुलगा मी. दुसरा सेट काढला. गाठोडं सोडलं, सगळ्या फायली उघड्या करून एका हार्ड डिस्कवर घेतल्या आणि ती घरी आणून वडिलांच्या ट्रंकेत, दाखल्यांच्या आणि उताऱ्यांच्या झेरॉक्सवर ठेवून दिली. ट्रंकेला कडी आहे, कुलूप नाही. सोडताना ताजे आवाज हवेत म्हणून तिची प्रत घेतली होती. म्हणून खूण तिची. सेट काढला, निर्धास्त झालो आणि विसरलो. आमच्याकडं दुसरा सेट हा विसरण्यासाठीच काढलेला असतो.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. आप्पावर ओरडावं असं फार वाटलं. पण काय ओरडणार? तो जगातला एकमेव माणूस होता ज्यानं या प्रकरणात काहीच लपवलं नव्हतं. मी ताटावरून उठलो. आई म्हणाली, "काय झालं रं, भाजी खारट हाय काय?"

सकाळी ऑफिसात जाऊन ती नोंदवही उघडली. तिच्या प्रतीचं गाठोडं सोडल्याची एकच नोंद होती आणि तिच्यापुढं माझ्याच कॉम्प्युटरचा आकडा. तो आकडा तिथं पहिल्या दिवसापासून होता. सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "फोन तूच कर."

ती पुढं कामावर परत आली, हे आधीच सांगून टाकतो. येऊन पहिल्या दिवशी तिनं ती हलगी स्वतःच्या हातानं खेळातून काढली आणि तिथं विकतचा ढोल घातला. पण येण्याआधी तिनं एक गोष्ट मागितली. फोनवर माझं सगळं रामायण ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "माझं जाऊ द्या. तुमी निपाणीला या आनि म्हाताऱ्याला सोता सांगा. तो माझा आज्जा हाय. हलगी कुठल्या तरी जत्रंत वाजली एवढं त्याला कळलंय, आनि वाटालंय, मीच शब्द मोडला म्हणून. माझ्यासंगं बोलना झालाय."

त्या रविवारी एसटीनं निपाणीला गेलो. हत्तरगी आली, संकेश्वर गेलं, मी मनात वाक्यं जुळवत होतो. स्टँडवर ती घ्यायला आली होती. तंबाखूच्या वखारींच्या रस्त्यानं आम्ही चालायला लागलो. नाकात झणझणत होतं. थोडं गेल्यावर ती म्हणाली, "अण्णा, एक इचारू? लोंड्याच्या दादाची खूण निघाली असती, तर नोंदवही उघडून बघिटली असती काय न्हाय?"

मी खूप शोधलं, पण दुसरं उत्तर सापडलं नाही. म्हटलं, "बघितली असती."

"एवढंच पायजे हुतं मला," ती म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

तिच्या मास्तर वडिलांनी बांधलेलं दोन मजली घर. सोप्यात खुर्चीवर म्हातारा बसलेला, पांढरं स्वच्छ धोतर, गुडघ्यांवर हात. बोटं अजूनही जाडजूड, टोकांना चपटी. मी पाया पडलो. तिच्या आईनं चहा आणून माझ्यापुढच्या स्टुलावर ठेवला. मी बोलायला सुरुवात केली. गाठोडं, दुसरा सेट, ट्रंक, भाऊ, सगळं. तुमच्या नातीचा यात काही दोष नाही, मी तिच्यावर आळ घेतला, हेही सांगितलं. म्हातारा मान हलवत ऐकत होता. माझं संपल्यावर नातीकडं बघून म्हणाला, "म्हंजे तू न्हाय दिलीस."

"न्हाय आज्जा."

"बरं झालं." मग तो माझ्याकडं वळला. "माझा बा लई चांगला वाजवायचा. त्याच्याकडनंच शिकलो म्या. जत्रा आली की पालखीफुडं आमी. पालखी देवळात गेली की आमी भाईर. वाजवून हात फुटायचं, मग घरोघर भाकरी मागत हिंडायचं. धम्म घेतला त्या वर्साला बानं हलगी चुलीत घातली. तवाच म्या म्हटलं, आता पालखीफुडं ह्यो हात उठायचा न्हाय. आनि न्हाय उठला. गावानं वाळीत टाकलं, मारलं, न्हाय उठला. म्हणूनशान तर निपाणीला आलो, वखारीत पोती उचलली." त्यानं नातीकडं बोट केलं. "ही म्हटली, आज्जा, खेळात जो बटन दाबंल तो वाजवंल, जात बघून न्हाय. ते मला पटलं. उसनी हलगी आणली आनि वाजवली. ईसरलो नव्हतो."

आत कुकरची शिट्टी झाली. म्हाताऱ्यानं ती संपू दिली. "एक सांगा. तुमच्या गावात ती नुसती कुस्तीला वाजली, का पालखीफुडं बी?"

मला खोटं बोलता आलं असतं. नुसती कुस्तीला म्हटलं असतं तर तिथं तपासायला कुणी येणार नव्हतं. पण ती दारात उभी होती, तिनं तो व्हिडिओ सरांच्या खोलीत बघितला होता. आजोबांना तिनं एवढंच सांगितलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं. तिनं ते माझ्यासाठी ठेवलं होतं.

"पालखीपुढं पण," मी म्हटलं.

म्हातारा गुडघ्यावरच्या हातांकडं बघत राहिला. "म्हंजे वाजवली म्या."

"तुम्ही कुठं वाजवलीत आजोबा, ती तर आमच्या लोकांनी..."

"माझाच हात हाय की त्यो. दुसऱ्या कुणाचा हाय?" त्याचा आवाज चढला नाही. "ह्या लेकरास्नी जलमभर सांगत आलोय, दीक्षा घेतली त्या दिसापास्नं म्या कुठल्या गावाच्या पालखीफुडं वाजवलं न्हाय. आता तसं म्हणता यायचं न्हाय मला."

सगळ्या ग्रुपांवरून काढून टाकतो, असं सांगायचं म्हणून आलो होतो. पण फुटलेला आवाज परत गोळा होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी खाली मान घालून बसलो. मला रडू येत होतं, आणि तिथं रडायचा मला अधिकार नव्हता.

म्हातारा माझ्यापुढच्या स्टुलाकडं बघत होता. बोलण्याच्या नादात मी चहाला हात लावला नव्हता. त्याच्यावर साय धरली होती.

"च्या तसाच ऱ्हायला की," तो म्हणाला. "पीत न्हाय काय आमच्यातला?"

मी झटकन कप उचलला आणि तो गार चहा सायीसकट एका घोटात संपवला. म्हणालो, "तसं नाही आजोबा, बोलत होतो म्हणून राहिला." तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, नीट, सावकाश. विचारल्यावर प्यायला, असंच त्याला वाटलं असणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता.